आधी वाटे समजून घ्या, मग सह्या करा

वडील मृत्युपत्र न करता गेले की पहिल्या महिन्यातच घरात दोन वाक्यं ऐकू येतात. एक, ‘नॉमिनी मी आहे, तेव्हा ते माझ्याच नावावर होणार.’ आणि दुसरं, ‘ताईला काही नकोय, तिची सही घेऊन टाकू.’ बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा काही वाईट नसतं. घर दुःखात असतं, कागद आवरायची घाई असते आणि सगळ्यांना वाटतं, आपल्यात कसले आलेत वाद? पण पुढे वर्षानुवर्षं चालणारे दावे याच दोन वाक्यांतून उभे राहतात. म्हणून या लेखात मी एका क्रमाचा आग्रह धरणार आहे. कायद्याने कोणाचा किती वाटा हे आधी कागदावर मांडायचं, ते घरातल्या प्रत्येकाला, आईलाही, सांगायचं आणि त्यानंतरच कोणी काय सोडायचं ते ठरवायचं.

पहिले काही आठवडे

मृत्यूची नोंद होते ती मृत्यू झाला त्या ठिकाणच्या महापालिकेत, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत. कराडच्या वडिलांना उपचारासाठी पुण्याला आणलं आणि ते तिथे गेले, तर दाखला पुण्याचाच मिळणार. नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर कळवण्याचं काम रुग्णालयाचं, घरी झाला असेल तर घरच्यांचं. वर्ष उलटून गेलं तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही.

रुग्णालयात मृत्यूच्या नोंदीचा फॉर्म भरताना नावाकडे नीट बघा. आधार कार्डावर ‘दत्तात्रय’, सातबारावर ‘दत्तू’, बँकेत ‘डी. के.’ आणि सोसायटीच्या भाग दाखल्यावर ‘दत्ताजी’ अशी चार नावं एकाच माणसाची निघतात. दाखल्यावर पाचवं नको. आधारवर आहे तसंच, वडिलांच्या म्हणजे आजोबांच्या नावासकट लिहा. बाकीच्या नावांसाठी ‘या सर्व नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र एकदाच करून ठेवा, ते जागोजागी लागतं. दाखल्याच्या दहा-पंधरा मूळ प्रती एकदमच घ्या.

वडील निवृत्तिवेतनधारक असतील तर सगळ्यात आधी आईचं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करा. ते वारसाहक्काने वाटलं जात नाही. नियमाप्रमाणे ते विधवेचंच असतं, मुलांचा त्यात वाटा नसतो आणि मुलांच्या संमतीचीही गरज नसते. निवृत्तिवेतनाच्या आदेशाची प्रत आणि मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत जा. त्याच वेळी वडिलांच्या निधनाची तारीखही कळवा. निधनानंतर त्यांच्या खात्यात जमा होत राहिलेलं निवृत्तिवेतन नंतर परत वसूल केलं जातं आणि तोवर ते पैसे खर्च झालेले असतील तर आईलाच त्रास होतो.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा. वडिलांचं एटीएम कार्ड वापरून पैसे काढू नका. औषधांचं बिल द्यायचं होतं हे कारण खरं असलं, तरी खात्यातली रक्कम आता सगळ्या वारसांची आहे आणि पुढे कुठल्या तरी भावंडाने उतारा मागवला की हीच नोंद संशयाला पुरते. आणि वडिलांनी तुम्हाला कुलमुखत्यारपत्र दिलं असेल तर ते त्यांच्या निधनाबरोबर संपलं. त्याच्या जोरावर नंतर केलेला व्यवहार टिकत नाही.

कागद शोधताना पासबुकं ओळीने वाचा. दरवर्षी मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये कापले गेले असतील तर तो प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा हप्ता आहे, २० रुपये कापले असतील तर सुरक्षा विम्याचा. पहिल्यात कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी दोन लाख मिळतात, पण संरक्षण वयाच्या ५५ पर्यंतच असतं. दुसरा फक्त अपघाताचा, वयाच्या ७० पर्यंत. कित्येक घरांत हा दावा केलाच जात नाही, कारण पैसे कशाचे कापले जातात हे वडिलांशिवाय कोणाला माहीतच नसतं. जुनी, विसरलेली बँक खाती रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ या संकेतस्थळावर नावावरून शोधता येतात. शेअरचा लाभांश सात वर्षं कोणी घेतला नसेल तर लाभांश आणि शेअर दोन्ही केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातात. तिथूनही ते वारसांना परत मिळतात, फक्त कागदपत्रांची चिकाटी लागते.

कोणाचा किती वाटा

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर १९५६चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होतो. बौद्ध, जैन आणि शीख यांनाही तोच. पहिल्या वर्गातले मुख्य वारस म्हणजे पत्नी, मुलगे, मुली आणि वारलेल्या माणसाची आई. प्रत्येकाला सारखा वाटा. मुलगी विवाहित आहे की नाही, लग्नात किती खर्च केला, शेवटची पाच वर्षं सेवा कोणी केली, यातलं काहीही या हिशेबात येत नाही. हे कोणाला अन्यायाचंही वाटेल. सेवा करणाऱ्या मुलाला किंवा मुलीला जास्त मिळावं असं भावंडांना वाटत असेल तर ते त्यांनी आपापल्या वाट्यातून आपखुशीने द्यावं. मृत्युपत्र नसताना कायदा तसं करत नाही.

वडिलांचे वडील हयात असतील तर ते पहिल्या वर्गात नाहीत, पण आजी आहे. ही गोष्ट फार घरांत सुटते. ऐंशीच्या घरातली आजी कोपऱ्यात बसलेली असते आणि वारसांच्या यादीत तिचं नाव कोणी लिहीत नाही. लिहावंच लागतं.

एक उदाहरण घेऊ. वडील गेले. मागे आई, एक मुलगा आणि एक मुलगी आहेत. दुसरा मुलगा त्यांच्या आधीच वारला, त्याची पत्नी आणि दोन मुलं आहेत. मालमत्तेचे चार भाग होतील: आई, मुलगा, मुलगी आणि वारलेल्या मुलाची शाखा. त्या शाखेचा पाव हिस्सा सून आणि दोन नातवंडांत सारखा, म्हणजे प्रत्येकी एक बारांश. विधवा सुनेला ‘तू आता या घरची नाहीस’ म्हणून बाजूला काढता येत नाही. याउलट, आधी वारलेल्या मुलीची मुलं वारस आहेत, पण तिचा नवरा म्हणजे जावई नाही.

आता समजा फ्लॅट आईवडिलांच्या दोघांच्या नावावर, निम्मा-निम्मा आहे. मग वाटणीला येतो तो फक्त वडिलांचा अर्धा भाग. त्या अर्ध्याचे वरचे चार भाग करा. आईचा मूळचा अर्धा आणि वडिलांच्या अर्ध्यातला पाव मिळून तिचा हिस्सा आठात पाच होतो. हा आकडा घरात मोठ्याने सांगा. आईला तो बहुधा माहीत नसतो आणि माहीत असायलाच हवा.

वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेचा हिशेब वेगळा आहे. तिथे आधी वडिलांच्या मृत्यूच्या क्षणी वाटणी झाली असती तर काय झालं असतं, ते मांडायचं. वडील, आई, एक मुलगा, एक मुलगी असतील तर चौघांना पाव-पाव. मग वडिलांचा पाव हिस्सा तिघांत. इथे मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे. ९ सप्टेंबर २००५ रोजी लागू झालेल्या दुरुस्तीने तो दिला आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. अपवाद २० डिसेंबर २००४च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्यांचा. तोंडी वाटणी झाली होती, असं आता कोणी म्हणालं तर ते सहजासहजी मानलं जात नाही.

‘वडिलोपार्जित’ हा शब्द आपण सैल वापरतो. आजोबा १९५६ नंतर वारले आणि त्यांची स्वकष्टाची जमीन वारसाने वडिलांकडे आली, तर ती वडिलांच्या हाती त्यांची स्वतंत्र मालमत्ता धरली जाते. म्हणून जमीन कोणाकडून, कधी आणि कशी आली हे जुन्या फेरफारांवरून बघितल्याशिवाय कोणी ठामपणे वाटे सांगू नयेत.

वडिलांचं दुसरं लग्न, दत्तक मूल, असं काही असेल तर यादी करतानाच मांडा. दत्तक मुलाचा वाटा सख्ख्या मुलाइतकाच. पहिली पत्नी असताना केलेलं दुसरं लग्न कायद्याने अवैध असलं तरी त्या लग्नाच्या मुलांना वडिलांच्या मालमत्तेत हक्क असतो. वारस लपवून केलेलं प्रतिज्ञापत्र खोटं ठरतं, तो गुन्हा आहे, आणि लपवलेला वारस दहा वर्षांनी का होईना, उभा राहतोच.

मुस्लिम कुटुंबात वाटे शरियतप्रमाणे ठरतात. मुलंबाळं असतील तर पत्नीला एक अष्टमांश, आणि मुलीच्या दुप्पट मुलाला. ख्रिस्ती कुटुंबात १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे विधवेला एक तृतीयांश, उरलेले दोन तृतीयांश मुलांमुलींत सारखे. गोव्यात मात्र धर्म कोणताही असो, पोर्तुगीज काळापासून चालत आलेला नागरी कायदा आणि त्यावर आधारलेला २०१२चा गोवा उत्तराधिकार कायदा लागू होतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते, म्हणजे निम्मी आधीच आईची. वारसांत मतभेद असतील तर तिथे ‘इन्व्हेंटरी’ची कारवाई न्यायालयात होते. मुंबईत राहणाऱ्या पण म्हापशाला घर असलेल्या गोमंतकीय कुटुंबांनी तिथल्याच वकिलाचा सल्ला घ्यावा.

नॉमिनी हा मालक नव्हे

सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली सरबतीदेवी प्रकरणात विम्याबद्दल हे सांगितलं आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी शेअर आणि म्युच्युअल फंडाबद्दल पुन्हा सांगितलं. नॉमिनी पैसे स्वीकारतो ते वारसांच्या वतीने. बँकेने त्याला पैसे दिले की बँकेची जबाबदारी संपते, नॉमिनीची सुरू होते. तेव्हा थोरल्या भावाच्या नावे वीस लाखांची ठेव नॉमिनेशनने आली तर त्याने ती भावंडांसमोर मांडावी. मागायची वेळ त्यांच्यावर आणू नये. विम्यात २०१५च्या दुरुस्तीने जवळच्या नातलग नॉमिनीला लाभाचा हक्क देणारी तरतूद आली आहे, पण तिच्या अर्थावर न्यायालयांत वाद झाले आहेत. रक्कम मोठी असेल तर वाटण्याआधी वकिलाला दाखवा.

नॉमिनी नसेल तर बँकेत दावा अर्ज, सर्व वारसांची संमती किंवा नाहरकत आणि इंडेम्निटी बाँड लागतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५मध्ये यासाठी सगळ्या बँकांना एकसारखे निर्देश दिले आणि ३१ मार्च २०२६पर्यंत ते अमलात आणायला सांगितले. व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंतच्या दाव्यांसाठी सोपी पद्धत आहे. कागद पूर्ण दिल्यावर १५ दिवसांत दावा निकाली काढायचा, असं बंधन आहे. शाखेत ‘कोर्टाचं पत्र आणा’ असं तोंडी सांगून कोणी परत पाठवलं तर ते लेखी मागा. मागणी लेखी द्यायची म्हटलं की बऱ्याचदा नियम पुन्हा वाचला जातो. अर्ज देताना पोच घ्यायला विसरू नका. ते पंधरा दिवस त्या पोचेवरच्या तारखेवरून मोजता येतात.

रक्कम त्याहून मोठी असेल किंवा वारसांत एकमत नसेल तर न्यायालयातून उत्तराधिकार प्रमाणपत्र घ्यावं लागू शकतं. ते फक्त येणी आणि रोख्यांसाठी, म्हणजे ठेवी, शेअर, कर्जरोखे यांच्यासाठी असतं. घर-जमिनीसाठी महाराष्ट्रात १८२७च्या मुंबई रेग्युलेशनखाली वारस प्रमाणपत्र मिळतं. दोन्ही अर्ज वेगळे. कुठला लागणार हे कळायच्या आत वकिलाकडे पैसे भरू नका. उत्तराधिकार प्रमाणपत्राची कोर्ट फी रकमेप्रमाणे वाढते, पण ७५ हजारांवर जात नाही. वर्तमानपत्रात नोटीस, हरकतींची मुदत, जबाब असं होत विरोध नसला तरी काही महिने जातात.

सोसायटी आणि सातबारा

सहकारी सोसायटीतल्या फ्लॅटला नॉमिनी असेल तर सोसायटी त्याला तात्पुरता सभासद करून घेते, खरे वारस ठरेपर्यंत. सहकार कायद्यात २०१९ साली घातलेलं १५४-ब-१३ हे कलम तेच सांगतं. नॉमिनी नसेल तर सोसायटी सूचना फलकावर आणि दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस देऊन हरकती मागवते. वारसाच्या नावावर भाग दाखला करताना प्रीमियम घेता येत नाही. हस्तांतर फी ५०० रुपये आणि प्रवेश फी १०० रुपये एवढंच. कमिटीने ‘डोनेशन’ सुचवलं तर आदर्श उपविधी पुढे करा. मात्र भाग दाखल्यावर नाव चढलं म्हणजे फ्लॅट त्या एकाचा झाला असं समजू नका. बाकीच्या वारसांचे हक्क नोंदणीकृत दस्ताने सुटले नसतील तर ते तसेच उभे राहतात आणि विकायच्या वेळी खरेदीदाराची बँक ते दाखवून देते.

शेतजमिनीचं काम तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. वारस नोंदीचा अर्ज मृत्यूनंतर तीन महिन्यांत द्यायचा असतो. मृत्यूचा दाखला, आठ-अ, सर्व वारसांची नावं-पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र आणि वंशावळ जोडायची. ‘ई-हक्क’ प्रणालीतून तो घरबसल्याही करता येतो. वारस नोंदवहीत चौकशी झाली की फेरफार पडतो, सगळ्या हितसंबंधितांना नोटीस जाते, पंधरा दिवस हरकतीसाठी असतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. हरकत आली तर ती ‘तक्रारी नोंद’ होते आणि सुनावणी लागते. मयत खातेदारांची नावं काढून वारसांची लावण्यासाठी शासनाने २०२५ साली ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवली. आजोबा जाऊन तीस वर्षं झाली तरी त्यांचंच नाव चालू असलेले उतारे किती असतील याची कल्पना त्यावरून यावी. तुमचा उतारा तसाच असेल तर आधी आजोबांच्या सगळ्या वारसांची, म्हणजे काका-आत्यांसकट, नोंद होईल आणि मगच वडिलांच्या वारसांची. मधली पायरी गाळता येत नाही.

नवा सातबारा हातात आला की तो नीट वाचा. आमच्याकडे वर्षानुवर्षं चालत आलेली एक रीत आहे. मुलांची नावं भोगवटादार म्हणून आणि मुलींची नावं ‘इतर हक्क’ या रकान्यात. कधी ‘एकुमॅ’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून एकट्या थोरल्याचं नाव आणि बाकी सगळे उताऱ्यावरून गायब. बहिणीला सांगितलं जातं, ‘तुझंही नाव आहे की.’ आहे खरं, पण चुकीच्या जागी. त्या नोंदीवर बँक तिला पीककर्ज देणार नाही, भूसंपादनाचा मोबदला निघाला तर नोटीस तिच्यापर्यंत पोचायला उशीर होईल. मुलींची आणि आईची नावं भोगवटादारांतच, आपल्या वाट्याच्या हिश्शासह यायला हवीत. आली नसतील तर मंजुरीच्या आधीच हरकत घ्या. नंतर प्रांताकडे अपील करावं लागतं. हेही ध्यानात असू द्या की फेरफार हा महसुलाच्या कामापुरता असतो. त्याने मालकी निर्माण होत नाही आणि नाव लागलं नाही म्हणून हक्क बुडतही नाही.

शहरातल्या जागेसाठी मालमत्ता पत्रक नगर भूमापन कार्यालयात, गावठाणातल्या घरासाठी नमुना आठ ग्रामपंचायतीत. पद्धत साधारण हीच.

हक्कसोडपत्र

आता त्या सहीकडे येऊ. वारसाने मिळालेल्या मालमत्तेतला हिस्सा सख्ख्या भावंडासाठी किंवा आईसाठी मोबदला न घेता सोडायचा असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. काम स्वस्त असल्यामुळे ते हलक्या हाताने केलं जातं. हक्कसोडपत्र नोटरीपुढे करून चालत नाही. दुय्यम निबंधकांकडे नोंदणी व्हावी लागते. तिथे कॅमेऱ्यासमोर फोटो, यंत्रावर अंगठा, दोन ओळखदार, आणि दहा मिनिटांत पुढचा नंबर. त्या दहा मिनिटांत बहिणीने दिलेलं परत घ्यायचं म्हटलं तर फसवणूक किंवा दबाव सिद्ध करत दिवाणी न्यायालयात जन्म जाईल. म्हणून दस्ताचा मसुदा तिला आठवडाभर आधी द्या, तिच्या भाषेत, तिच्या हिश्शाचा आकडा आणि बाजारभावाने होणारी किंमत लिहून. तिने वाचून, कोणाला दाखवायचं तर दाखवून, मगही सही केली तर ती खरी इच्छा. आकडा न सांगता घेतलेली सही मी तरी संमती मानणार नाही.

वडिलांच्या स्वतंत्र मालमत्तेबाबत ते हयात असताना मुलीकडून लिहून घेतलेला हक्कसोड निरर्थक असतो. पुढे वारसाने मिळण्याची नुसती शक्यता कोणाला हस्तांतरित करता येत नाही, असं मालमत्ता हस्तांतरण कायदाच सांगतो. हक्क फक्त सहहिस्सेदारासाठी सोडता येतो. पुतण्याच्या नावे करायचं तर ते बक्षीसपत्र होईल आणि शुल्क वेगळं लागेल. वारसांत कोणी अज्ञान असेल, उदाहरणार्थ वारलेल्या भावाची मुलं, तर त्यांचा स्थावरातला वाटा त्यांच्या आईलाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय सोडता किंवा विकता येत नाही. तशी सही घेतली तर मूल सज्ञान झाल्यावर तो व्यवहार उलथवू शकतं.

आईचा हक्कसोड घेऊ नका. हे मी स्पष्टच सांगते. वडील गेल्यावर घरात तिची जागा बदललेली असते, आणि उताऱ्यावर, भाग दाखल्यावर तिचं नाव असणं ही तिची उरलेली सुरक्षितता असते. ‘पुढे पुन्हा नावं बदलायचा खटाटोप नको’ एवढ्या कारणासाठी तिला बिनहिश्शाची करू नये. तिने आपल्या वाट्याचं मृत्युपत्र करून ठेवलं तर तो खटाटोप बराच कमी होतो. आईनेच काही द्यायचं ठरवलं तर तिच्या सांभाळाची अट दस्तातच लिहा. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७च्या कायद्यातल्या कलम २३ खाली, अट मोडली तर ते हस्तांतर रद्द करून घेता येतं. अट लिहिलेली नसेल तर ते फार अवघड होतं.

याच्या उलट, ‘सगळं आईच्या नावावर करू’ हा निर्णयही डोळसपणे घ्या. मुलांनी हिस्से सोडले की आई पूर्ण मालक होते. ती ते कोणालाही देऊ शकते. तिने काहीच लिहिलं नाही तर तिच्यामागे सगळ्या मुलांचे हक्क पुन्हा उघडतात. चालेल असं सगळ्यांना वाटत असेल तर जरूर करा.

कर्ज, कर आणि परदेशातलं भावंड

वडिलांचं कर्ज वारसांनी फेडायचं ते वारसाने मिळालेल्या मालमत्तेपुरतंच. मुलाने वडिलांचं ऋण स्वतःच्या कमाईतून फेडलंच पाहिजे हा जुना धर्मशास्त्रीय नियम २००५च्या दुरुस्तीने नव्या कर्जांपुरता काढून टाकला. वसुलीवाले दारात येऊन ‘तुम्ही मुलगा आहात ना’ म्हणाले तरी तुम्ही जामीनदार किंवा सहकर्जदार नसाल तर तुमच्या पगाराला हात लावता येत नाही. गृहकर्जाला जोडलेला विमा होता का, हे हप्ता भरायच्या आधी विचारा.

वारसाहक्काने मिळालेल्या मालमत्तेवर भारतात कर नाही. इस्टेट ड्यूटी १९८५ साली बंद झाली. पण वडिलांच्या निधनाच्या तारखेपर्यंतच्या उत्पन्नाचं विवरणपत्र वारसाने प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर स्वतःची वारस म्हणून नोंद करून भरायचं असतं. परतावा अडकलेला असेल तर तोही तिथेच मिळतो. म्हणून पॅन रद्द करण्याची घाई नको. फ्लॅट पुढे विकलात तर नफा मोजताना खरेदीची किंमत वडिलांची धरली जाते, तेव्हा त्यांचा मूळ खरेदीखताचा आणि पावत्यांचा गठ्ठा जपून ठेवा. गाडी असेल तर निधनाची माहिती तीस दिवसांत आरटीओला द्यायची आणि तीन महिन्यांत नमुना ३१ने नाव बदलून घ्यायचं.

भाऊ अमेरिकेत किंवा बहीण दुबईत असेल तर कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून मूळ कागद पाठवायचा. तो भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावा लागतो. मुखत्यारपत्र ठरावीक कामापुरतंच लिहा, आणि सोडणारा आणि स्वीकारणारा एकच भाऊ दोन टोप्या घालून बसणार असेल तर तिऱ्हाईताला मुखत्यार करा.

एवढं करूनही एखादा वारस सही देत नसेल तर त्याच्यावाचून पुढे जाण्याचे आडमार्ग शोधू नका. वाटपाचा दावा दिवाणी न्यायालयात करावा लागतो. तो लांबतो, म्हणून आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीसाठी अर्ज करून बघा. दावा दाखल झाल्यावर लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. आणि ज्यांना वाटतं की वकील परवडणार नाही म्हणून हक्क सोडावा लागेल, त्या आईसाठी, सुनेसाठी, बहिणीसाठी: १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्ज तालुका न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा समितीत देता येतो. सोबत मृत्यूचा दाखला, नवा उतारा किंवा भाग दाखल्याची प्रत आणि वारसांची यादी न्यावी.